बिअरची चव आणि बिअरचा हिशेब

‘डॉक्टर, बिअर चालेल का?’ हा प्रश्न दवाखान्यात आठवड्यातून एकदा तरी येतोच. विचारणारे साधारणपणे तीन प्रकारचे असतात. पहिला मुतखड्याचा पेशंट. कोणीतरी त्याला सांगितलेले असते की रोज एक बिअर घे, खडा वाहून जाईल. दुसरा मधुमेहाचा किंवा ब्लडप्रेशरचा. त्याला दारू बंद करायला सांगितलेली असते, पण बिअर म्हणजे दारू नव्हे अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. तिसरा प्रकार अलीकडचा. पुण्याला नोकरी करणारा, सणासुदीला जेऊर स्टेशनवर उतरून गावी येणारा शिकलेला तरुण. तो विचारत नाही, सांगतो. ‘डॉक्टर, मी ती बाटलीतली बिअर पीतच नाही. क्राफ्ट बिअर पितो. ताजी असते, नैसर्गिक असते, केमिकल नसते. त्याने काही होत नाही.’

बाहेर बाकावर पेशंट खोळंबलेले असताना या तिघांना नीट उत्तर देणे जमत नाही. म्हणून आजचे सदर त्यांच्यासाठी. ज्यांच्या घरात दारूला मुळीच थारा नाही, त्यांनीही ते वाचावे. कारण आपला मुलगा बाहेरगावी काय पितो आणि त्याबद्दल काय समजूत करून घेतो, हे आईवडिलांना ठाऊक असलेले बरे.

ही क्राफ्ट बिअर म्हणजे काय?

मोठ्या कारखान्यात लाखो बाटल्या भरल्या जातात, त्याऐवजी छोट्या प्रमाणावर, वेगवेगळ्या चवीची जी बिअर करतात, ती क्राफ्ट बिअर. जिथे ती तयार होते तिथेच ग्लासात मिळते, त्या जागेला ब्रूपब म्हणतात. काचेपलीकडे तांब्याच्या किंवा स्टीलच्या टाक्या आणि अलीकडे टेबल-खुर्च्या, असा थाट असतो. पुण्यात 2009 साली ‘डूलाली’ या नावाने अशी बिअर सुरू झाली. राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी म्हणून तिचे नाव घेतले जाते. पुढे पुण्या-मुंबईत अशी अनेक ठिकाणे निघाली.

या ‘डूलाली’ नावाची गंमत आहे. नाशिकजवळच्या देवळालीला ब्रिटिश फौजेची छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले गोरे सोल्जर मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत तिथे महिनोन्‌महिने पडून राहत. उन्हाळा, हिवताप, रिकामपण आणि दारू. काहींचे डोके ठिकाणावर राहत नसे. त्यावरून इंग्रजीत ‘डूलाली टॅप’ म्हणजे वेड लागणे, असा शब्दप्रयोग रूढ झाला. त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप, असे सांगतात. दारू आणि डोके यांच्या नात्याची आठवण अशी एका बिअरच्या नावातच राहून गेली आहे.

बिअर करण्याची रीत आपल्या घरातल्या बायकांना चटकन समजेल. बाळाच्या लापशीसाठी आपण नाचणी भिजवतो, मोड आणतो, वाळवतो आणि दळतो. मोड आल्यामुळे धान्यातल्या पिठूळ भागाची साखर होऊ लागते, म्हणून ती लापशी गोडसर लागते आणि पचायला हलकी होते. बिअरसाठी हेच सातूचे करतात. मोड आणून वाळवलेल्या सातूला ‘माल्ट’ म्हणतात. ते भरडून गरम पाण्यात ठेवतात, गाळतात, त्या गोड पाण्यात ‘हॉप्स’ नावाच्या वेलीची कडवट फुले घालून उकळतात, आणि निवल्यावर यीस्ट सोडतात. यीस्ट साखर खाते आणि तिची दारू व वायू करते. दोन-तीन आठवड्यांत बिअर तयार. जर्मनीतल्या बव्हेरियात 1516 साली कायदाच झाला होता की बिअरमध्ये सातू, हॉप्स आणि पाणी याखेरीज काही घालायचे नाही. यीस्टचा शोध तेव्हा लागायचा होता.

आंबवणे आपल्याला नवे नाही. ज्वारीची आंबील, ताक, इडली सगळे त्यातलेच. फरक इतकाच की आंबिलीत आंबटपणा तयार होतो आणि बिअरमध्ये अल्कोहोल. आणि हा ‘इतकाच’ फरक फार मोठा आहे.

चव घेण्याचे शास्त्र

मागे पुण्याला एका लग्नाला गेलो असता भाचा म्हणाला, ‘मामा, तुम्ही नुसती टीका करता, एकदा बघा तरी.’ गेलो. तिथे सहा छोट्या ग्लासांचा ट्रे मिळतो, सहा प्रकारची बिअर चाखण्यासाठी. प्रत्येक ग्लास सुमारे 100 मिलीचा. मी प्रत्येकातला घोटभर घेतला आणि उरलेले तसेच ठेवले. जे पाहिले त्यात कौतुक करण्यासारखे पुष्कळ होते, ते आधी सांगतो.

गव्हाच्या बिअरला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येत होता. आमच्या तालुक्यात कंदरच्या बाजूला केळीच्या बागाच बागा, त्यामुळे तो वास ओळखायला मला वेळ लागला नाही. वाटले, केळे घातले असेल. पण केळे नाही आणि लवंगही नाही. एका विशिष्ट जातीचे यीस्ट आंबवताना जे पदार्थ तयार करते, त्यातला एक पिकलेल्या केळ्यातही असतो. ‘स्टाउट’ नावाची काळी बिअर कॉफीसारखी लागते, कारण तिच्यातले धान्य काळे होईपर्यंत भाजलेले असते. जी फार कडू होती ती ‘इंडिया पेल एल’. इंग्लंडहून हिंदुस्थानात बोटीने यायला बिअरला काही महिने लागत. त्यात ती टिकावी म्हणून हॉप्स जास्त घालत. तिच्या नावात ‘इंडिया’ आले ते यामुळे.

अमेरिकेत 1985 सालापासून बिअरचे परीक्षक तयार करण्याची एक पद्धतशीर परीक्षा चालते. त्यांच्या तक्त्यात एकूण 50 गुण असतात. वासाला 12, दिसण्याला 3, चवीला 20, तोंडातल्या जाणिवेला 5 आणि एकंदर परिणामाला 10. परीक्षक आधी ग्लास उजेडात धरून रंग आणि फेस पाहतो, मग वास घेतो, मग छोटा घोट जिभेवर फिरवतो. दोषही शोधतो. लोण्यासारखा वास आला तर आंबवण्याचे काम पुरते झालेले नाही. हिरव्या सफरचंदाचा आला तर बिअर कच्ची आहे. उकडलेल्या मक्याचा आला तर उकळणे कमी पडले. उन्हात राहिलेल्या बाटलीला एक घाण वास येतो, कारण प्रकाशाने हॉप्समधले द्रव्य बिघडते.

वाचकहो, हा तक्ता पुन्हा एकदा वाचा. 50 गुणांत ‘चढण्या’ला एकही गुण ठेवलेला नाही. ज्याला बिअरची चव कळते, तो ती किती चढते यावरून तिची परीक्षा करीत नाही. आणि आपल्याकडे दुकानात जाऊन पहिला प्रश्न काय विचारतात? ‘स्ट्राँग आहे ना?’ चव कळू नये इतकी गार करायची, घटाघटा संपवायची, सोबत खारट शेंगदाणे आणि फरसाण. मिठाने तहान वाढते आणि दुसरी बाटली फुटते. ढाब्यावर, हुरडा पार्टीत, वरातीत आणि निवडणुकीच्या रात्री असेच चालते. याला पिणेही म्हणता येणार नाही, हे पोटात ओतणे झाले.

ब्रूपबमध्ये मला आणखी एक गोष्ट आवडली. भिंतीवरच्या फळ्यावर प्रत्येक बिअरच्या नावापुढे अल्कोहोलचा टक्का लिहिलेला होता. टक्का आपल्याकडच्या बाटलीवरही असतो, पण बारीक अक्षरात, आणि तो वाचतो कोण? वाचला तरी त्याचे करायचे काय, हे कोणी सांगत नाही. ते आता सांगतो.

हिशेब असा करा

किती मिली प्यायले त्याला टक्क्याने गुणा, 0.8 ने गुणा आणि 100 ने भागा. उत्तर येते ते अल्कोहोलचे ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना 10 ग्रॅमला एक ‘ड्रिंक’ धरते. व्हिस्कीचा 30 मिलीचा छोटा पेग 42.8 टक्क्यांचा असतो. त्यात 10 ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल भरते. म्हणजे एक छोटा पेग, एक ड्रिंक.

आता 650 मिलीची, 8 टक्क्यांची स्ट्राँग बिअरची बाटली घ्या. हिशेब येतो सुमारे 41 ग्रॅम. म्हणजे चार छोटे पेग. दोन बाटल्या म्हणजे आठ पेग, अर्थात एक क्वार्टर आणि वर आणखी दोन पेग. ‘मी दारू पीत नाही, फक्त दोन बिअर घेतो’ असे सांगणाऱ्या माणसाने क्वार्टर केव्हाच मागे टाकलेली असते.

क्राफ्ट बिअरवाल्यांनीही खूश होऊ नये. 5 टक्क्यांच्या अर्ध्या लिटरच्या ग्लासात 20 ग्रॅम, म्हणजे दोन पेग. आणि तो ‘फक्त चाखण्याचा’ सहा ग्लासांचा ट्रे? 600 मिली, सरासरी 5 टक्के धरले तरी 24 ग्रॅम. पूर्ण ट्रे संपवणारा अडीच पेग पिऊन उठतो आणि वर म्हणतो, आपण तर अजून सुरुवातच केली नाही.

साधारण माणसाचे लिव्हर तासाला सुमारे 8 ग्रॅम अल्कोहोल निकालात काढते. एका स्ट्राँग बिअरला पाच तास लागतात. लिंबूपाणी, काळी कॉफी, गार पाण्याची आंघोळ यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही. मोटार वाहन कायद्यानुसार 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल असलेल्याने गाडी चालवणे हा गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. पण दंडाचे सोडा. साखर कारखान्यांच्या हंगामात रात्री नगर-टेंभुर्णी रस्त्यावर मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली उभी असते. ती दिसून ब्रेक दाबायला जो एक क्षण लागतो, तोच क्षण बिअर खाऊन टाकते.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी?

‘केमिकल नाही’ हे वाक्य ऐकले की मला हसू येते. अल्कोहोल हेच केमिकल आहे. ते तांब्याच्या टाकीतून आले काय किंवा कारखान्याच्या बाटलीतून आले काय, लिव्हरला त्यातला फरक कळत नाही. तंबाखूही नैसर्गिकच आहे आणि धोत्राही नैसर्गिकच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1988 सालीच मद्याला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. तोंड, घसा, अन्ननलिका, लिव्हर, मोठे आतडे आणि स्त्रियांमध्ये स्तन या ठिकाणचे कर्करोग त्याने वाढतात. या यादीत बिअरला सूट नाही. आपल्या भागात मावा आणि तंबाखू खाणारे घरोघर आहेत. तंबाखू आणि मद्य एकत्र आले की तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका नुसती बेरीज होऊन थांबत नाही, त्याचा गुणाकार होतो. बिअरच्या घोटासोबत मावा चघळणाऱ्याने हे वाक्य दोनदा वाचावे.

थोडी घेतली तर हृदयाला चांगली, असे पूर्वी सांगितले जाई. नंतर लक्षात आले की त्या जुन्या पाहण्यांत ‘न पिणाऱ्यां’मध्ये आजारपणामुळे सोडलेले लोकही मोजले होते, त्यामुळे पिणारे आपोआप निरोगी दिसत होते. 2023 च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले की आरोग्याच्या दृष्टीने मद्याचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण सांगता येत नाही.

न गाळलेल्या बिअरमधल्या यीस्टमुळे ‘बी’ जीवनसत्त्व मिळते, असाही एक युक्तिवाद ऐकू येतो. मिळते थोडे. पण त्याच ‘बी’ गटातले थायमिन शरीरात शोषले जाण्यात अल्कोहोल अडथळा आणते. जीवनसत्त्वच हवे असेल तर मोड आलेली मटकी खा. स्वस्त पडते आणि गाडीही चालवता येते. मद्याच्या लेबलवर आरोग्यविषयक कोणताही दावा करायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनी मनाई आहे. जे बाटलीवर छापायला बंदी आहे, ते मित्राच्या तोंडून ऐकून खरे मानू नका.

मुतखडा आणि बिअर

आता पहिल्या पेशंटकडे वळू. एप्रिल-मेमधले आमच्याकडचे ऊन सर्वांना माहीत आहे. शेतात दिवसभर घाम गाळणारा माणूस पाणी कमी पितो, लघवी दाट होते आणि खडे धरतात. बिअर प्यायली की लघवी भरपूर होते, हे खरे. परदेशातल्या काही पाहण्यांत बिअर पिणाऱ्यांना खडे कमी झाल्याचे आढळले, हेही खरे. पण त्यातला मोठा वाटा पोटात जाणाऱ्या पाण्याचा आहे, आणि पाणी फुकट मिळते.

शिवाय जो खडा धरला आहे, तो बिअर विरघळवीत नाही. 5 मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप पडतात. त्या दिवसांत माणूस बिअर पीत असला तर श्रेय बिअरला मिळते, देवाला नवस बोलला असला तर देवाला. खडा नळीत घट्ट अडकला असेल तर जबरदस्तीने लघवी वाढवल्याने मागचा दाब वाढून कळ असह्य होते. त्यात लघवी झाल्यावर अल्कोहोलमुळे शरीर कोरडे पडते, ते वेगळेच. ज्यांचे खडे युरिक ॲसिडचे आहेत किंवा ज्यांना गाऊट आहे, त्यांना तर बिअर विशेष वाईट, कारण तिने युरिक ॲसिड वाढते. पायाचा अंगठा रात्रीत लाल होऊन सुजला, असे सांगत येणाऱ्याला मी आदल्या दिवशीच्या पार्टीबद्दल आधी विचारतो.

मुतखड्यावर औषध एकच. दिवसभरात दोन-अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी, जेवणात मीठ कमी, आणि लिंबाचे सरबत बिनसाखरेचे. सातूचेच कौतुक असेल तर सातूचे पाणी उकळून प्या. न आंबवता.

कोणी अजिबात घेऊ नये

गरोदर स्त्रियांनी. कावीळ होऊन गेलेल्यांनी आणि लिव्हर किंवा स्वादुपिंडाचा आजार असलेल्यांनी. मिरगीच्या पेशंटने. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी विशेष जपावे. उपाशीपोटी बिअर घेतली तर शुगर एकदम उतरते, आणि घाम येऊन बरळणाऱ्या माणसाला लोक ‘चढलीय’ म्हणून झोपवून ठेवतात. त्यात जीव जाऊ शकतो. जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल चालू असताना, झोपेच्या किंवा फिट्सच्या गोळ्या चालू असताना दारूचा थेंबही नको. एकवीस वर्षांखालच्या मुलाला तर राज्यात कायद्यानेच बिअर विकता येत नाही.

जो रोज पितो आणि सकाळी ज्याचे हात कापतात, त्याने मात्र घरच्यांच्या धाकाने एका रात्रीत सोडू नये. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. पुण्याच्या मुक्तांगणचे काम आपल्याला माहीत आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 1986 साली सुरू केलेल्या या केंद्रातून अनेक जण बरे होऊन घरी परतले आहेत. तिथे जाण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

माझे मत

जो पीत नाही त्याने आरोग्यासाठी म्हणून बिअर कधीही सुरू करू नये. जो पितो त्याने ब्रूपबमधल्या दोन गोष्टी उचलाव्यात, टक्का वाचणे आणि लहान घोटात चव घेणे. ‘नैसर्गिक’ हा शब्द मात्र तिथेच ठेवून यावे. आणि सरकारला एक सूचना. बाटलीवर टक्क्याबरोबर ‘या बाटलीत इतके ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे इतके पेग’ असे ठळक मराठीत छापायला लावावे. ‘आरोग्यास हानिकारक’ हे शब्द वाचून लोकांची नजर मेली आहे. ‘चार पेग’ हे शब्द मात्र शेवटच्या बाकावरच्या माणसालाही समजतात. निदान बिअर म्हणजे दारू नव्हे, असे तरी मग कोणी म्हणणार नाही.

तोपर्यंत हिशेब आपला आपण करावा. मिली गुणिले टक्का गुणिले 0.8, भागिले 100. आजचे कात्रण कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. घरातल्या कमावत्या मुलाच्या नजरेला पडेल अशा ठिकाणी.